टाकायासू आर्टेरायटिस : बायपासची वेळ कशी ओळखावी, तयारी कशी करावी

रक्तदाबाचे यंत्र एका हातावर आकडा दाखवते आणि दुसऱ्या हातावर नुसताच 'एरर' दाखवते, तेव्हा बहुतेक घरांत पहिला संशय यंत्रावरच घेतला जातो. सेल बदलले जातात, पट्टा पुन्हा घट्ट बांधला जातो आणि शेवटी ज्या हातावर आकडा येतो तोच हात कायमचा ठरून जातो. समोरची व्यक्ती चाळिशीच्या आतली असेल, विशेषतः स्त्री असेल, आणि हे वारंवार घडत असेल, तर यंत्राऐवजी धमनीचा विचार करायला हवा. हाताकडे जाणारी मोठी धमनी अरुंद झाली असण्याची शक्यता असते आणि तरुण वयात त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे टाकायासू आर्टेरायटिस.

या आजारात हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्यातून निघणाऱ्या मोठ्या फांद्या, म्हणजे मानेकडे, हातांकडे, मूत्रपिंडांकडे आणि आतड्यांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या, यांच्या भिंतीत दाह निर्माण होतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच धमनीच्या भिंतीवर उलटते, भिंत जाड होते, आतली वाट निमुळती होत जाते आणि काही ठिकाणी ती पूर्ण बंद पडते. याच्या उलट, भिंत कमकुवत झाली तर त्या जागी फुगा धरतो. कानाझावा येथील जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी १९०८ साली एका २१ वर्षांच्या स्त्रीच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, रक्तवाहिन्यांचे विचित्र कडे पाहिल्याचे सांगितले आणि त्यांच्याच काळातील इतर डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नसल्याचे लक्षात आणून दिले. पुढे 'नाडीविरहित रोग' हे नाव त्यावरूनच पडले. जपानमधील रुग्णांत महाधमनीच्या कमानीतून निघणाऱ्या फांद्या अधिक प्रमाणात बाधित होतात, तर भारतात पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या बाधित होण्याचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे आपल्याकडे हा आजार पुष्कळदा तरुणपणीच चढलेल्या रक्तदाबाच्या रूपाने समोर येतो.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या रुग्णाने आणि नातेवाइकांनी एक गोष्ट आधीच नीट समजून घ्यावी. बायपास (अरुंद भागाला वळसा घालून जोडलेली नवी नळी) किंवा बलून (धमनीत फुगवून ती रुंद करणारा फुगा) हे रक्ताला वाट करून देतात, दाह विझवत नाहीत. पेटलेल्या भिंतीत घातलेले टाके नीट धरत नाहीत आणि पेटलेल्या धमनीत ती उघडी ठेवण्यासाठी बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, पुन्हा बुजण्याची भीती अधिक असते. म्हणून 'शस्त्रक्रिया करावी का' या प्रश्नाइतकाच 'आत्ता करावी का' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, किंबहुना माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच कमी वेळा विचारला जातो.

आधी चारही हातापायांचा रक्तदाब

पहिली पायरी साधी आहे आणि तिला खर्च नाही. दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांचा रक्तदाब एकाच बैठकीत मोजून घ्यावा. दोन हातांच्या वरच्या आकड्यांत १० पेक्षा अधिक फरक असणे हा १९९० सालच्या अमेरिकन निकषांतील एक मुद्दा होता. एवढ्यावरून निदान होत नाही, पण पुढच्या तपासण्यांची दिशा मात्र ठरते. दोन्ही मनगटांची नाडी, कोपराच्या घडीतील नाडी, मानेच्या दोन्ही बाजू, जांघा आणि पावले इथली स्पंदने डॉक्टरांनी क्रमाने तपासावीत. मानेवर, गळपट्टीच्या हाडावर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवल्यास अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताचा घरघर असा आवाज ऐकू येतो. परंपरागत नाडीपरीक्षेत पुरुषांचा उजवा आणि स्त्रियांचा डावा हात पाहतात. योगायोग असा, की या आजारात डाव्या हाताकडे जाणारी धमनी सर्वाधिक वेळा सापडते, आणि तरीही एकच हात पाहून उठणाऱ्याला त्यातला फरक कळणार नाही.

लक्षणे सांगताना रोजच्या कामांचा आधार घ्यावा, कारण 'हात दुखतो' एवढ्याने डॉक्टरांना फारसा बोध होत नाही. वेणी घालताना, कणीक मळताना किंवा धुणे पिळताना हात भरून येतो, गळून जातो आणि काम थांबवताच दोन-चार मिनिटांत बरा होतो, हे वर्णन रक्तपुरवठा अपुरा असल्याचे सांगते. तसेच मान वर करून माळ्यावरचे काही काढताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखणे, जेवणानंतर पोटात कळ येऊन वजन घटत जाणे, हे सगळे सांगावे. महिनोन् महिने राहिलेला बारीक ताप, थकवा आणि सांधेदुखी हीसुद्धा या आजाराची सुरुवातीची रूपे असू शकतात. दुर्दैवाने त्या टप्प्यावर अशक्तपणाच्या गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते.

खरा रक्तदाब कोणत्या अवयवात मिळतो

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण चूक इथेच होते आणि तिची किंमत मोठी असते. दोन्ही हातांकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद असतील, तर हातावरचा आकडा १०० दाखवत असतानाही हृदय आणि मेंदू २०० च्या दाबाखाली असू शकतात. कागदावर रुग्ण ठीक दिसतो, गोळ्या कमी केल्या जातात, आणि एके दिवशी श्वास लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन तोच रुग्ण रुग्णालयात येतो. अशा वेळी पायाचा रक्तदाब हा खरा मानावा लागतो. तो मोजताना रुग्णाला आडवे झोपवावे, मांडीसाठी असलेला मोठा पट्टा वापरावा किंवा पोटरीवर योग्य मापाचा पट्टा बांधून घोट्याची नाडी पाहावी. निरोगी माणसात पायाचा वरचा आकडा हातापेक्षा थोडा जास्तच असतो. तो हातापेक्षा स्पष्ट कमी आला, तर छातीतील किंवा पोटातील महाधमनी अरुंद असल्याचा संशय घ्यावा. हातांच्या आणि पायांच्या दोन्हीकडच्या वाटा अरुंद असतील, तर बाहेरून कोणताच आकडा भरवशाचा राहत नाही आणि अँजिओग्राफीच्या वेळी कॅथेटरने, म्हणजे धमनीत सरकवलेल्या बारीक नळीने, महाधमनीतील दाब थेट मोजून घेणे हाच मार्ग उरतो.

अँजिओग्राफीचा अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, 'माझा रक्तदाब कोणत्या अवयवात मोजायचा?' मिळालेले उत्तर एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ते पाकिटात ठेवावे. अपघात विभागातील अनोळखी परिचारिका नेहमीप्रमाणे हातालाच पट्टा बांधणार, हे गृहीत धरलेले बरे.

दाह जागा आहे की शांत

शस्त्रक्रियेची वेळ या प्रश्नावर अवलंबून असते आणि नेमके याचेच उत्तर कोणतीही एक तपासणी देत नाही. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातील दाहाचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या सर्वत्र होतात, स्वस्त आहेत आणि उपयोगीही आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ६० रुग्णांचा जो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यात आजार शांत वाटत असताना शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या धमनीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता ४४ टक्के नमुन्यांत दाह चालूच होता. टोसिलिझुमॅब या दाह शमवणाऱ्या औषधाची इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णांत तर सीआरपी त्या औषधामुळेच खाली बसते. त्यामुळे त्यांचा 'नॉर्मल' अहवाल दाह शमल्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

म्हणून डॉक्टर अनेक गोष्टी एकत्र जुळवून पाहतात. नवी नाडी हरपली आहे का, नवा आवाज ऐकू येतो का, मानेची धमनी दाबल्यावर दुखते का, ताप किंवा वजनघट आहे का, रक्तचाचण्या कुठे आहेत, आणि मागच्या व आताच्या चित्रांत काय बदलले आहे. हे सगळे एका पद्धतशीर तक्त्यात मांडण्यासाठी भारतीय संधिवाततज्ज्ञांच्या गटाने 'आयटास २०१०' ही गुणपद्धती तयार केली. तिच्यातील ४४ मुद्द्यांपैकी ३३ हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित आहेत. भेटीच्या दर वेळी ते गुण नोंदवले गेले, तर आजार चढतो आहे की उतरतो आहे याचा आलेख आपोआप तयार होतो.

चित्रांच्या बाबतीत प्रत्येक तपासणीचे काम वेगळे आहे. मानेच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी भिंतीची जाडी चांगली दाखवते आणि तीत किरणोत्सर्ग नसतो. सीटी अँजिओग्राफीने संपूर्ण महाधमनीचा नकाशा मिळतो, मात्र तिच्यातील रंगद्रव्यामुळे मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. एमआर अँजिओग्राफी तरुण रुग्णांत वारंवार करण्यासाठी अधिक सोयीची असते. पेट-सीटी दाह कुठे जागा आहे हे दाखवते, पण ती महाग आहे आणि स्टिरॉइड सुरू झाल्यावर तिचे चित्र लवकर फिके पडते. त्यामुळे ती करायची असेल, तर शक्य तेवढी उपचारांच्या आरंभी करावी. सीडी आणि अहवाल दोन्ही जपून ठेवावेत, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयासाठी जुन्या चित्राशी तुलना लागते.

औषधांनी आधी काय साधावे

जागा असलेला दाह शमवण्यासाठी प्रौढ रुग्णाला साधारणपणे रोज ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने सुरुवात केली जाते, दोन-तीन महिन्यांत मात्रा १५ ते २० मिलिग्रॅमपर्यंत उतरवली जाते आणि वर्षभरात १० मिलिग्रॅम किंवा त्याखाली नेण्याचा प्रयत्न होतो. जोडीला मेथोट्रेक्झेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफिनोलेट यांपैकी एखादे औषध दिले जाते. तेवढ्याने भागले नाही, तर टोसिलिझुमॅब किंवा टीएनएफविरोधी जैविक औषधांचा विचार होतो. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण पाहता, जैविक औषधांपूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी करून घेणे टाळू नये.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतू शकते, म्हणून गोळीचा वार ठरवून तो घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावा. स्टिरॉइड कधीही स्वतःहून एकदम बंद करू नये. चेहरा सुजला म्हणून गोळ्या सोडणाऱ्या मुलींची अडचण खरी असते, पण त्यावरचा उपाय मात्रा उतरवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणे हा आहे. मूत्रपिंडाची धमनी अरुंद असेल, तर दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असताना रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातील (ज्यांच्या नावाच्या शेवटी ही अक्षरे येतात ती) औषधे रक्तातील क्रिएटिनिन वाढवू शकतात, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावू शकतात, त्यामुळे ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. गर्भधारणेची इच्छा असल्यास हे काही महिने आधीच सांगावे. मेथोट्रेक्झेट, मायकोफिनोलेट आणि 'प्रिल'-'सार्टन' ही औषधे गर्भाला घातक असल्याने ती वेळेवर बदलावी लागतात.

शस्त्रक्रिया कधी लागते आणि कधी लागत नाही

हाताची नाडी लागत नाही एवढ्या कारणाने कोणालाही बायपासची गरज नसते. धमनी हळूहळू बंद होत असताना शरीर आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावून पर्यायी वाट तयार करते. ही वाट इतकी चांगली असू शकते, की नाडी नसलेल्या हाताने रुग्ण सगळी घरकामे करतो. असा हात तसाच राहू द्यावा. नातेवाइकांना हे पटवणे कठीण जाते, कारण 'बंद नळी मोकळी केलीच पाहिजे' हा विचार हृदयविकारातील अँजिओप्लास्टीमुळे आपल्या मनात पक्का बसला आहे.

विचार करण्याजोगी कारणे वेगळी आहेत. मूत्रपिंडाची धमनी किंवा महाधमनी अरुंद झाल्याने अनेक औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणे, किंवा मूत्रपिंडाचे काम उतरत जाणे, हे पहिले कारण. मेंदूकडे जाणाऱ्या तीन किंवा अधिक धमन्या गंभीर अरुंद असणे, किंवा मेंदूचा झटका, तात्पुरता अर्धांगवायू, दृष्टी जाणे अशा घटना होणे, हे दुसरे. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची मुखे अरुंद होऊन छातीत दुखणे, महाधमनीची झडप गळू लागून हृदय मोठे होणे, वाढत जाणारा फुगा, आणि रोजचे जगणे अडवणारी हाताची किंवा पायाची वेदना, ही आणखी काही. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा कल असा आहे, की आजार जागा असताना अवयवाचा रक्तपुरवठा घटू लागला तर बहुतेक वेळा आधी औषधे वाढवावीत आणि शस्त्रक्रिया आजार शांत होईपर्यंत लांबवावी. युरोपीय सूचनाही स्थिर शांततेच्या काळातच नियोजित शस्त्रक्रिया करण्यास सांगतात, आणि त्यांच्या व्याख्येत टिकाऊ शांतता म्हणजे किमान सहा महिने लक्षणे नसणे व स्टिरॉइडची मात्रा ठरलेल्या पातळीपर्यंत उतरलेली असणे.

हा आग्रह केवळ पुस्तकी नाही. फ्रान्समधील अनेक केंद्रांनी मिळून ७९ रुग्णांवर झालेल्या १६६ प्रक्रियांचा आढावा २०१२ साली मांडला, त्यात प्रक्रियेच्या वेळी रक्तचाचण्यांत दाह दिसत असलेल्या रुग्णांत गुंतागुंत होण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त निघाली. थांबणे शक्य नसते असे प्रसंग मात्र असतात. फुगा फुटण्याच्या बेतात असणे, हृदयाकडचा रक्तपुरवठा धोक्यात येणे किंवा मेंदूला वारंवार झटके बसणे, अशा वेळी जास्त मात्रेत स्टिरॉइड देऊन शस्त्रक्रिया त्याच दिवसांत करावी लागते. ती संधिवाततज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून ठरवावी. दोघांपैकी एकाच्याच सल्ल्यावर हो म्हणू नये, असे मी आवर्जून सांगेन.

बलून, स्टेंट की बायपास

बलूनने धमनी रुंद करण्याची प्रक्रिया जांघेतून होते, भूल हलकी लागते आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. मूत्रपिंडाच्या धमनीचा किंवा महाधमनीचा छोटा, मर्यादित अरुंद भाग असेल, तर पहिला प्रयत्न बहुधा याच मार्गाने होतो. १९९० च्या दशकात दिल्लीतील डॉक्टरांनी या दोन्ही जागांवरील बलून उपचारांचा मोठा अनुभव प्रसिद्ध केला आहे. अडचण अशी, की या आजारातील अरुंद भाग चरबीच्या थराने नव्हे, तर व्रणासारख्या चिवट तंतूंनी बनलेला असतो. बलून जास्त दाबाने आणि पुन्हापुन्हा फुगवावा लागतो, रुंद झालेली धमनी पुन्हा आकसते, आणि लांब पट्ट्यावर घातलेला स्टेंट बुजण्याची शक्यता बरीच असते. बायपास ही मोठी शस्त्रक्रिया आहे, पण तिने केलेली वाट सामान्यतः अधिक काळ टिकते. लांब बंद पडलेल्या धमनीसाठी, आणि आयुष्याची अनेक वर्षे समोर असलेल्या पंचविशीतील रुग्णासाठी, हा फरक मोलाचा असतो.

बायपासमध्ये नव्या नळीची दोन्ही टोके दाह नसलेल्या भागावर शिवणे हा मुख्य नियम आहे. मानेकडे रक्त न्यायचे असेल, तर नळी हाताकडे जाणाऱ्या धमनीवरून घेणे सोपे असते, पण ती धमनी स्वतःच आज ना उद्या बाधित होण्याची शक्यता असल्याने अनुभवी शल्यचिकित्सक छाती उघडून महाधमनीच्या चढत्या भागावरून नळी घेणे पसंत करतात. तो भाग या आजारात फुगू शकतो, पण सहसा बंद होत नाही. नळी म्हणून पायातील शीर किंवा डेक्रॉनसारखी कृत्रिम नळी वापरतात.

मेंदूकडे वर्षानुवर्षे कमी रक्त जात असताना ते एकदम पूर्ण दाबाने सोडले, तर मेंदूला सूज येऊ शकते किंवा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या मानेच्या धमन्यांना एकाच वेळी पूर्ण प्रवाह देण्याचे टाळले जाते आणि पहिले काही दिवस रक्तदाब अतिशय काटेकोर राखला जातो. या काळात एका बाजूला तीव्र डोकेदुखी, गोंधळलेपणा किंवा झटका (फिट) आला, तर ती सामान्य थकव्याची खूण समजू नये.

पोटातील महाधमनी लांबवर अरुंद असेल, तर छातीतील महाधमनीपासून खालच्या भागापर्यंत नळी जोडतात. वाढत्या वयाच्या मुलांत ही शस्त्रक्रिया शक्य तितकी लांबवतात, कारण मूल वाढते, नळी वाढत नाही. मूत्रपिंडाच्या धमनीला पायातील शिरेने बायपास करता येतो, आणि काही निवडक रुग्णांत मूत्रपिंडच काढून कटीभागात, निरोगी धमनीवर पुन्हा बसवतात. हृदयाच्या बायपासमध्ये छातीच्या आतली धमनी ही एरवी सर्वोत्तम मानली जाते, पण ती हाताकडे जाणाऱ्या धमनीतूनच निघते. ती मूळ धमनी बाधित असेल, तर आज चांगली दिसणारी बायपासची वाट उद्या आटू शकते. त्यामुळे अशा रुग्णात पायातील शीर निवडावी लागते. गळणारी झडप बदलताना दाह झालेल्या भिंतीतून टाके सुटून झडप हलण्याचा धोका असल्याने, महाधमनीचे मूळ रुंदावलेले असेल तर झडप आणि मूळ दोन्ही एकत्र बदलण्याची बेंटॉल शस्त्रक्रिया केली जाते.

दाखल होण्याआधी

शल्यचिकित्सकाला काही प्रश्न लिहूनच विचारावेत. दाह शांत आहे हे कशावरून ठरवले, नळीची टोके कुठे शिवणार, शीर वापरणार की कृत्रिम नळी, आणि या आजाराच्या किती रुग्णांवर या चमूने शस्त्रक्रिया केली आहे. शेवटचा प्रश्न विचारण्यात संकोच वाटतो, तरी तो विचारावाच, कारण वयोमानाने कठीण झालेल्या धमन्यांवर हात बसलेला असणे आणि दाहाने जाड झालेल्या धमन्यांवर हात बसलेला असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

भूलतज्ज्ञांना स्टिरॉइड किती दिवस आणि किती मात्रेत चालू आहे ते सांगावे. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याच्या शरीरात ताण सोसणारे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी ते शिरेतून द्यावे लागते. रक्तदाब कोणत्या अवयवात मोजायचा ते कार्ड इथे त्यांच्या हाती द्यावे. मान मागे केल्यावर अंधारी येत असेल, तर तेही सांगावे, कारण श्वासनळी घालताना मान फार मागे नेल्यास मेंदूकडचा आधीच तुटपुंजा प्रवाह आणखी घटू शकतो. जैविक औषध आणि इतर प्रतिकारशामक औषधे किती दिवस आधी थांबवायची हे औषधागणिक बदलते, ते लेखी घ्यावे. दात किडलेले असतील, तर कृत्रिम नळी किंवा झडप बसवण्याआधी त्यांवर उपचार करून घ्यावेत. महाराष्ट्रातील रुग्णांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजखाली बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आगाऊ विचारावे. आजाराचे नाव यादीत दिसले नाही, तरी शस्त्रक्रियेचे नाव असू शकते.

घरी आल्यानंतर

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की औषधे सुटतील, ही अपेक्षा मनातून काढून टाकावी. दाह पुन्हा उठला, तर नवी नळीही धोक्यात येते, म्हणून प्रतिकारशामक औषधे आणि ॲस्पिरिनसारखी औषधे डॉक्टर सांगतील तितका काळ चालू ठेवावी लागतात. शस्त्रक्रियेच्या वेळी धमनीच्या भिंतीचा जो तुकडा निघतो, तो पॅथॉलॉजी विभागाकडे पाठवला होता का, हे विचारून त्याचा अहवाल घ्यावा. भिंतीत दाह जिवंत होता असे त्यात आढळले, तर रक्तचाचण्या कितीही चांगल्या असोत, औषधे वाढवण्याचा विचार होतो.

जखमेच्या जागी ठेक्याने उडणारी गाठ लागणे, हात किंवा पाय एकाएकी गार व पांढरा पडणे, छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ येणे, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे, अचानक दिसेनासे होणे, यांपैकी काहीही घडले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. टाक्यांच्या जागी फुगा धरणे ही या आजारातील उशिरा उद्भवणारी आणि फसवी गुंतागुंत आहे. ती शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी, रुग्णाला काहीही त्रास नसताना, केवळ चित्रात सापडू शकते. त्यामुळे पहिल्या वर्षात डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी आणि पुढे आयुष्यभर ठरावीक अंतराने चित्रतपासणी करावी लागते.

रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेच्या सविस्तर नोंदीची प्रतही मागून घ्यावी. कोणत्या मापाची आणि कोणत्या प्रकारची नळी वापरली, ती कुठून कुठे जोडली, कोणत्या पायातील शीर काढली, हे तिच्यात लिहिलेले असते. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा एवढा तपशील नसतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी दुसऱ्या गावातील दुसरा शल्यचिकित्सक जेव्हा त्याच छातीचे किंवा पोटाचे चित्र पाहत बसेल, तेव्हा त्याला नेमका तोच कागद हवा असेल.